नवी गाडी आणि खारा वारा

नवा टेम्पो दारात येतो. घरची बाई त्याला ओवाळते. पोरे आरशात तोंडे बघतात. गाडीचे अंग लखलखत असते, बंपर काळा कुळकुळीत असतो, चाके चंदेरी असतात. बँकेचे हप्ते मात्र पुढे चार-पाच वर्षे चालायचे असतात. तेवढी वर्षे, आणि हप्ते फिटल्यावरही काही वर्षे, ह्या गाडीने कमवायचे आहे. म्हणून तिचे अंग जपायचे.

जुन्नर, नाशिक, शहापूर, वाडा, पालघर ह्या बाजूंची पुष्कळ मंडळी भाजी, दूध, फुले घेऊन मुंबईच्या उपनगरांत येतात. कोणी मुलुंडहून शिरतो, कोणी दहिसरहून बोरिवलीला येतो. कोणी गाडी तिथेच ठेवतो आणि घाटकोपरला किंवा अंधेरीला भाड्याने चालवतो. घाटावर जी गाडी पुष्कळ वर्षे धड राहते, ती इथे लवकर खराब होते. असे का होते, आणि काय केले म्हणजे होत नाही, ते ह्या पाठात पाहू.

वाऱ्यात मीठ कुठून येते?

उपनगरांचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. अंधेरी आणि बोरिवली पश्चिमेच्या अंगाला. त्यांच्या पलीकडे वर्सोवा, मढ, गोराई, आणि मग अरबी समुद्र. मुलुंड आणि घाटकोपर पूर्वेच्या अंगाला. त्यांच्या पलीकडे ठाण्याची खाडी. मुलुंड, भांडुप, कांजूर इथे खाडीकाठी मोठमोठी मिठागरे होती. खाडीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे. ऊन पाणी उडवून न्यायचे. खाली मीठ उरायचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. लाटा फुटतात तेव्हा ह्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात. त्यांतले पाणी सुकते, मिठाचे कण उरतात, आणि ते तुमच्या गाडीवर येऊन बसतात. डोळ्यांना दिसत नाहीत.

लोखंड गंजायला पाणी आणि हवा लागते. त्यात मीठ मिळाले की गंजण्याचे काम झपाट्याने होते. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात घरातले मीठ कसे पाझरते, ते सगळ्यांनी पाहिले आहे. पत्र्यावरचे मीठही तसेच पाझरते. मग पत्रा पुरता सुकतच नाही.

पत्र्याला वाचवतो तो रंग. पण हा रंग असतो किती जाड? अस्तर धरून सगळा मिळून साध्या कागदाएवढा. म्हणजे मिलिमीटरचा साधारण दहावा हिस्सा. चाकाने उडवलेला एक खडा लागला, की टवका जातो. त्या वाटेने मीठ आणि पाणी आत शिरते. गंज रंगाच्या खालून पसरत जातो. वर फोड दिसतो, तोवर आत बरेच नुकसान झालेले असते.

जुने लोक म्हणतात, आमच्या वेळच्या गाड्या टिकायच्या. त्यांचेही खरे आहे. १९४७ साली कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात गाड्या जोडू लागले. १९५४ पासून टाटांचे मर्सिडीज-बेंझ बनावटीचे ट्रक जमशेदपूरहून निघू लागले. त्या गाड्यांचा बंपर म्हणजे जाड लोखंड. गंजला तरी घासून रंगवता यायचा. २००५ साली टाटांचा एस आला. त्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात. तो आणि त्याच्या मागून आलेल्या छोट्या गाड्या हलक्या आहेत. पत्रा पातळ, आणि पुढच्या तोंडाचा बराच भाग प्लॅस्टिकचा. हलकी गाडी तेल कमी खाते, हे चांगलेच. पण जुन्या ट्रकला जे चालून गेले, ते हिला चालत नाही.

पूजेच्या दिवसापासून सुरुवात

गाडीला पहिली इजा पुष्कळदा पूजेच्याच दिवशी होते. पूजा जरूर करावी. फक्त थोडे बघून करावी. नारळ बंपरवर आपटू नका. बंपर प्लॅस्टिकचा आहे, त्याला चीर जाते. दगड घ्या, त्यावर नारळ फोडा आणि ते पाणी चाकावर शिंपडा. ओल्या कुंकवाचा स्वस्तिक रंगावर काढला आणि तो आठ दिवस उन्हात तसाच राहिला, तर डाग राहतो. तो काचेच्या कोपऱ्यात काढा. काच पुसली की स्वच्छ होते. झेंडूचा हार तारेने बांधू नका, सुतळीने बांधा. तारेची टोके वाऱ्याने रंगावर घासत राहतात. फुले सुकायच्या आत हार काढा. दसऱ्याचा हार दिवाळीपर्यंत वागवणारे लोक आहेत. त्या हाराखाली पाणी धरून राहते.

लिंबू-मिरचीचेही तसेच. लिंबू आंबट, म्हणजे त्यात आम्ल. ते कुजते, रस गळतो. बंपरची पट्टी चकचकीत असली, तर त्या जागी पांढरट डाग पडतो. बांधायचेच असेल तर खाली लोंबते बांधा, अंगाला लागू देऊ नका.

मग गाडी नटवायची हौस येते. जादा दिवे, पायऱ्या, आरशांवर टोप्या, दारावर पट्ट्या. प्रत्येक वस्तूसाठी मेस्त्री पत्र्याला भोक पाडतो. भोक पाडले की त्याच्या कडेचा रंग गेला. म्हणून मेस्त्रीला सांगा, "आधी भोकाला प्रायमर लाव, तो सुकू दे, मग स्क्रू पिळ." पाच मिनिटांचे काम आहे, पण मेस्त्री ते आपण होऊन सहसा करीत नाहीत. पुढे लोखंडी गार्ड मात्र बसवू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याने त्याला मनाई केली आहे. गार्डामुळे धडकेचा जोर थेट सांगाड्यावर येतो, आणि पायी चालणाऱ्यालाही जास्त इजा होते. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यालाही महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली बंदी केली. त्यामुळे त्या रंगाचा खर्चही वाचला!

धुवायचे कसे?

मीठ पाण्यात विरघळते. त्यामुळे त्याला घालवायला साधे गोडे पाणी पुरते. महागडी औषधे नंतर. आठवड्यातून एकदा गाडी धुवा. समुद्राजवळ किंवा खाडीजवळ रोज उभी राहत असेल, तर दोनदा.

पाणी कुठले वापरता, हे मात्र आधी बघा. उपनगरांत कित्येक ठिकाणी बोअरचे पाणी खारट किंवा मचूळ असते. गाड्या धुण्याच्या काही ठिकाणी तेच वापरतात. अशा पाण्याने गाडी धुणे म्हणजे तिला मिठाची अंघोळ घालणे. परीक्षा सोपी आहे. स्वच्छ काचेवर त्या पाण्याचा थेंब ठेवा आणि सुकू द्या. दाट पांढरे वळे उमटले, तर त्या पाण्यात क्षार पुष्कळ आहेत. दुसरे पाणी शोधा. मिळालेच नाही, तर निदान शेवटची एक बादली गोड्या पाण्याची घाला आणि लगेच पुसा.

गाडी तापलेली असताना धुवू नका. सावलीत घ्या, थंड होऊ द्या. आधी नुसते पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे ही फार वाईट सवय आहे. उपनगरांत मेट्रोचे खांब उभे राहत आले, पूल झाले, जुन्या चाळी पाडून उंच इमारती झाल्या. त्यामुळे धुळीत सिमेंट आणि दगडाची कच असते. कोरडे फडके फिरवले, की ती कच पॉलिश पेपरसारखी रंगावर फिरते. सिमेंटची धूळ ओली होऊन तशीच राहिली, तर घट्ट धरते. ती त्याच दिवशी धुवा.

मग दोन बादल्या घ्या. एकीत गाडी धुण्याचा पातळ साबण, दुसरीत नुसते पाणी. मऊ फडके साबणात बुडवा, पत्रा पुसा. पुन्हा साबणात बुडवण्याआधी ते दुसऱ्या बादलीत खळबळून काढा. वरून खाली धूत या. टप आधी, चाके शेवटी. चाकांचे फडके निराळे ठेवा. कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा, राख, काथ्या ह्यांपैकी काही वापरू नका. भांड्याला जे चालते ते रंगाला चालत नाही.

खरे महत्त्वाचे काम खाली आहे. मीठ आणि चिखल जाऊन बसतो तो डोळ्यांआड. मडगार्डच्या आतली कड, दाराची खालची कड, फाळक्याच्या बिजागऱ्या, हौद्याच्या खालचे आडवे दांडे, पायरीचा आतला भाग. वाकून तिथे पाणी मारा. दाराच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजतात, आणि दारात पाणी साचते. काडीने ती मोकळी करा. गाडीचा मालक बोनेट चार वेळा पुसतो आणि ही छिद्रे त्याने कधी पाहिलेलीही नसतात. गंज मात्र तिथूनच सुरू होतो.

हौद्यात रबराची चटई टाकली असेल, तर ती आठवड्याला उचला. तिच्याखाली पाणी राहते. वर्सोव्याहून मासळी आणली, तर बर्फाचे खारे पाणी फटींतून सांगाड्यावर गळते. त्याच दिवशी पाणी मारा. गावाकडे परत जाताना खताच्या गोणी नेल्या असतील, तर सांडलेले खत आधी झाडून काढा, मग धुवा. खतही क्षारच. ते लोखंडाला मिठासारखेच खाते.

कावळ्याची विष्ठा आणि झाडाचा चीक हे मात्र आठवड्याची वाट बघत नाहीत. पत्रा उन्हाने तापला, की विष्ठेतले आम्ल रंगात उतरते. दिसल्याबरोबर तिथे ओले फडके पाच मिनिटे ठेवा. मऊ झाले की अलगद उचला. खरवडू नका.

धुऊन झाल्यावर गाडी कोरडी पुसा. दोन-तीन महिन्यांनी मेण लावा. पावसाळ्यापूर्वी तर नक्कीच. ब्राझील देशात एक ताड आहे. त्याच्या पानांवर मेणाचा थर येतो. गाडीच्या पुष्कळ मेणांत ते मेण घालतात. पातळ थर लावायचा, आणि सुकल्यावर मऊ फडक्याने पुसून काढायचा. मग पाणी थेंब होऊन ओघळते, पत्र्याला धरून बसत नाही.

डिझेलची चकाकी

आता एका जुन्या खोडीविषयी. पुष्कळ ड्रायव्हर डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा फिरवून गाडी चमकवतात. पुसल्यावर ती अशी चमकते, की बघत राहावे. पण दुपारपर्यंत त्या तेलावर सगळ्या रस्त्याची धूळ बसते, आणि त्या धुळीला मीठ चिकटते. दाराचे आणि काचेचे रबर तेलाने फुगते, मऊ पडते, मग फाटते. तेथून पाणी आत येते. टायरलाही तेल वाईटच. आगीची भीती वेगळी.

गाडीच्या पोटाला जळके ऑइल फासण्याची रीतही अशीच. लोखंडाला थोडा काळ आधार मिळतो, हे कबूल. पण ते ऑइल ब्रेकच्या नळीच्या रबराला लागते, रस्त्यावर ठिबकते, मोटारसायकलवाला घसरतो. गावात विहिरीजवळ गाडी उभी असली, तर ते झिरपून पाण्यात जाते. त्यापेक्षा गॅरेजात पोटाला मेणाचा किंवा रबरी थर मारून घ्या. तो मारताना ब्रेक, सायलेन्सर आणि फिरणारा दांडा झाकायला सांगा. पाण्याची छिद्रेही बुजू देऊ नका. आणि आधी पोट धुऊन पूर्ण कोरडे करायला लावा. ओल्यावर थर मारला, तर ओल आत कोंडते.

काळे प्लॅस्टिक आणि दिवे

बंपर, आरशांच्या पाठी, मडगार्डच्या कडा, दाराचे दांडे हे काळ्या प्लॅस्टिकचे असतात. त्यांना गंज नाही. त्यांचा वैरी ऊन. प्लॅस्टिक म्हणजे बारीक लांब साखळ्यांची गुंतवळ समजा. उन्हातले न दिसणारे किरण ह्या साखळ्या तोडतात. म्हणून काळा रंग राखाडी होतो, हात लावला तर भुकटी लागते, आणि पुढे ते ठिसूळ होते. प्लॅस्टिक काळे करतात ते काजळी घालून. काजळी उन्हाला अडवते. टायरातही काजळीच असते. तरी रोजच्या उन्हापुढे तिचेही काही काळानेच चालते.

सर्वांत स्वस्त औषध सावली. दुपारी गाडी उभी करताना तोंड उन्हाकडे करू नका. रात्रीपुरते झाकायचे असेल, तर सुती कापडाचे आवरण घाला. प्लॅस्टिकच्या कागदाने झाकले, तर आत घाम धरतो. ताडपत्रीची दोरी सैल सोडू नका. ती वाऱ्याने पत्र्यावर आपटून रंग झिजवते.

काळ्या भागांना मेण लागू देऊ नका. खडबडीत प्लॅस्टिकमध्ये ते पांढरे होऊन बसते. त्यांच्यासाठी पाण्यात कालवलेले निराळे औषध मिळते. धुऊन सुकल्यावर पातळ लावायचे आणि जादा पुसून टाकायचे. ते पायरीला, पेडलला, टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागाला लावू नये. पाय घसरेल, किंवा चाक.

पुढच्या दिव्यांवरची झाकणेही आता काचेची नसतात, बहुतेक प्लॅस्टिकची असतात. त्यांच्यावर उन्हापासून वाचवणारा एक अगदी पातळ थर कंपनीने दिलेला असतो. कोरड्या फडक्याने पुसून तो चरे धरतो. थिनर किंवा पेट्रोल लावले, तर झाकणाला बारीक भेगा जातात. झाकण पिवळे पडले, की लोक दात घासायची पेस्ट चोळतात. त्याने उजेड वाढतो खरा, पण उरलेला थरही निघून जातो, आणि थोड्याच दिवसांत झाकण पुन्हा पिवळे होते.

आणि चमकणाऱ्या पट्ट्या. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे तांबडी. ह्या शोभेच्या नाहीत. पावसाच्या रात्री महामार्गाच्या कडेला गाडी बंद पडली, दिवे गेले, तर मागून येणाऱ्याला ह्या पट्ट्याच दिसतात. चिखलाने भरलेली पट्टी असून नसल्यासारखी. रोज गाडी सोडताना ओले फडके आधी तिच्यावर फिरवा. काळे गोंडे आणि झालरी तिच्यावर लोंबू देऊ नका.

चाके

छोट्या गाडीची चाके बहुधा लोखंडी, वर रंग दिलेला. काही जण हौसेने ॲल्युमिनियमची बसवतात. चाकांवर जी काळी भुकटी बसते ती ब्रेकची. तिच्यात लोखंडाचा चुरा असतो. तो ओला झाला, की गंजून रंगाला चिकटतो. म्हणून चाके प्रत्येक वेळी साबणाने धुवा. पण आधी थंड होऊ द्या. फरशी धुण्याचे ॲसिड चाकांना लावून झटपट पांढरे करून देणारे लोक असतात. त्यांना हात लावू देऊ नका. ॲसिड रंग आणि लोखंड दोन्ही खाते. ॲल्युमिनियमला तर ॲसिड आणि कॉस्टिक सोडा हे दोन्ही खातात.

टवका गेलेली जागा लगेच दुरुस्त करता येते. गंज पॉलिश पेपरने घासा, पुसा, कोरडी करा, प्रायमर लावा, सुकल्यावर रंग. मात्र एक जागा सोडा. चाक जिथे हबला टेकते ती सपाट बाजू, आणि नट जिथे बसतात त्या खोबणी. तिथे जाड रंग फासू नका. नट घट्ट पिळला, तरी मध्ये रंगाचा थर दाबला जातो. चालता चालता तो दबतो, झिजतो, आणि नट सैल होतो. चाक निखळले तर रंगाची हौस फार महाग पडते.

नट सैल झाला, तर त्याची एक खूण दिसते. नटापासून बाहेर तांबडी गंजाची रेघ ओघळते. सैल नटाखाली लोखंड लोखंडावर घासते, भुकटी होते, ती गंजून पाण्याबरोबर वाहते. अशी रेघ दिसली, तर पुसून पुढे जाऊ नका. पाना लावून बघा. चाकांवर प्लॅस्टिकची झाकणे बसवली असली, तर ही रेघ दिसतच नाही. म्हणून झाकणे आठवड्याला काढून आत बघत जा. आणि चाक कोणत्याही कारणाने उतरवले, पंक्चरसाठी का होईना, तर पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा पिळून बघा.

पाणी भरले तर

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ला, अंधेरी, घाटकोपर, जिकडे तिकडे पाणी. कित्येक गाड्या बुडाल्या. तसा पाऊस क्वचित पडतो. पण अंधेरीच्या सबवेत पाणी भरणे हे पावसाळ्यात नवे नाही. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी समुद्रात जात नाही, आणि खाडीजवळच्या सखल भागात साचलेल्या पाण्यात खारे पाणी मिसळते.

चाकाच्या मध्यापेक्षा पाणी वर असेल, तर गाडी घालू नका. थांबा. भाजी थोडी सुकेल. घालावीच लागली, तर बाहेर आल्यावर हळू चालवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, म्हणजे ते सुकतील. मुक्कामी पोहोचल्यावर त्याच रात्री पोटाला, मडगार्डच्या आत आणि चाकांना गोडे पाणी मारा. सकाळपर्यंत ठेवू नका. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात दारे उघडून उभी करा, पायांखालच्या चटया काढा, आणि दाराच्या तळाची ती छिद्रे काडीने पुन्हा मोकळी करा.